कॅम्परमधून फिरताना स्वसंरक्षणासाठी गाडीत काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की पिकअपवर मागं डबा बांधून कॅम्पर करून घेताय, बायको आणि लहान मुलगी बरोबर असणार, रात्री हायवेलाच झोपायचा विचार आहे, तर गाडीत कोयता ठेवावा, एअरगन घ्यावी की पेपर स्प्रे, आणि थांबायला सुरक्षित जागा कुठल्या. वरच्या उत्तरांत लोकांनी लोखंडी रॉडपासून तलवारीपर्यंत सगळं सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी मला एक सांगा, मागच्या डब्यातनं पुढं स्टेअरिंगपर्यंत आतल्या आत जाता येतं का? पिकअप म्हणताय म्हणजे बहुतेक येत नसणार. मग बाकी काही ठेवा नाहीतर ठेवू नका, तुमच्या गाडीत सगळ्यात मोठा धोका तोच आहे. रात्री दोन वाजता कुणी दार ठोठावलं तर गाडी हलवायला तुम्हाला त्याच दारातनं बाहेर उतरावं लागणार, जिथं तो माणूस उभा आहे. बांधणी अजून चालू असेल तर आत्ताच मधनं वाट काढून घ्या. पिकअपची केबिन आणि मागचा डबा चालताना वेगवेगळे हलतात, त्यामुळं नुसतं भोक पाडून चालत नाही, मधे रबरी भाता बसवावा लागतो. खर्च आहे, आरटीओकडं बदलाची नोंदही करून घ्यावी लागते, पण एअरगनचे पैसे वाचतील ते इकडं घाला.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. आम्ही सोलापूरचे, आमच्याकडं टेम्पो ट्रॅव्हलर आहे, मागची सीटं काढून दोन बाकडी, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली. एकदा बिदरहून परत येत होतो. हुमनाबाद सोडलं, उमरगा सोडलं, नळदुर्ग अजून यायचं होतं आणि माझे डोळे मिटायला लागले. झोपेत गाडी चालवणं हे चोरापेक्षा वाईट, त्यामुळं एका ढाब्याला थांबलो. ढाबा चालू होता, तीनचार ट्रक लागलेले, मालकाला विचारून गाडी लावली, तोंड रस्त्याकडं. जेवलो, पडदे लावले, झोपलो. झालं असं की मध्यरात्रीनंतर ट्रक एक एक करून निघून गेले आणि ढाब्याचे दिवे पण गेले.

मग कधीतरी दारावर टकटक. "ओ ड्रायव्हर सायेब, गाडीखालनं ऑइल गळालंय बगा, उतरा की." एकदम मायेनं. मी काच न उघडता आतनंच म्हणलं असू दे, सकाळी बघतो. तर दुसरा आवाज, "सकाळपर्यंत इंजिन ऱ्हात नाय सायेब, खाली सगळं तळं झालंय." मी पडद्याची कड बोटभर सरकवून बघितलं. बॅटरी होती त्यांच्याकडं, पण तिचा उजेड गाडीच्या खाली नव्हताच. ज्याला तुम्हाला गळणारं ऑइल दाखवायचंय तो माणूस बॅटरी जमिनीवर मारंल का खिडक्यांवर मारंल? हा उजेड एका खिडकीवरनं दुसऱ्या खिडकीवर फिरत होता, आत किती माणसं आहेत ते बघायला. आणि तिसरा माणूस मागच्या बाजूला होता, त्याचा आवाज नाही, पण गाडी किंचित हलल्यासारखी वाटली.

आमची ही पुढच्या बाकड्यावर झोपलेली, ती तोपर्यंत उठून दोन सीटच्या मधनं सरकून स्टेअरिंगवर बसलेली होती. आमचं ठरलेलंच आहे, पुढं जो झोपेल तो गाडी चालवणार, चावी जागेवरच असते, पुढची काच झाकायचा पडदा एका हिसक्यात निघतो, पुढं खुर्ची, बादली, चप्पल काही म्हणजे काही बाहेर ठेवायचं नाही. तिनं एका दमात इंजिन चालू केलं, वरचा लाइट मारला, हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. समोर त्यांची मोटरसायकल आडवी लावलेली दिसली, तिच्या डाव्या बाजूनं वाट होती, तिथनं गाडी काढली आणि सरळ हायवेला. मी मागं बसून 112 लावला. पुढच्या टोलनाक्यावर, दिव्याखाली, सीसीटीव्हीच्या समोर जाऊन थांबलो. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी तिथं आली, त्यांनी नोंद केली.

टोलवर खाली वाकून बघितलं तर इंजिनखाली कोरडं ठणठणीत, ऑइलचा एक थेंब नाही. डिझेलच्या टाकीचं झाकण मात्र उचकटलेलं, साखळीला लोंबत होतं, कुलपाभोवती पत्र्यावर ताजे पांढरे ओरखडे. डिझेल काढायला आले होते आणि वर आणखी काय मिळतंय ते बघत होते. ट्रकवाल्यांना हे नवीन नाही, हायवेला झोपलेल्या गाडीतनं डिझेल काढणं हा जुना धंदा आहे.

आता खरं दुखणं. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, त्यांच्याकडं पण पिकअपवरचा कॅम्पर आहे, तुम्ही करताय तसाच, मधनं वाट नसलेला, आणि सीटखाली कोयता. ही गोष्ट त्यांना कळल्यापासनं प्रत्येक कार्यात काढतात. भाचीच्या साखरपुड्याला भर पंगतीत म्हणाले, "मी असतो तर कोयता घेऊन उतरलो असतो, एकेकाला उभा कापला असता, ह्यानं पडद्यातनं बघितलं आणि बायकोनं गाडी पळवली." सगळे हसले. ही वाढत होती, तिनं ऐकलं. मी तिथं काही बोललो नाही कारण कार्य त्यांच्या घरचं होतं, पण इथं बोलतो. दाजी, तुम्ही उतरला असता तर तिघांपैकी दोघं तुमच्या समोर आणि एक पाठीमागं असता, आत आक्का आणि पोरं एकटी राहिली असती, दार उघडं. आणि त्या रात्री माझ्या घरातल्या बाईनं जे केलं त्याच्यापुढं कुणाचा कोयता मला सांगू नका. सगळी माणसं घरी धडधाकट आली, समोरच्यांपैकी कुणी मेलं नाही, कोर्टात कुणाची तारीख लागली नाही. स्वसंरक्षण म्हणजे ह्याच्या पलीकडं अजून काय असतं?

कोयत्याचं म्हणाल तर गाडीच्या आत तो फिरवायला जागाच नाही. उभं राहिलं की डोकं छताला, हात उचलला की कपाटाला, शेजारी पोरगं झोपलेलं. हातातनं हिसकावला गेला की तो त्यांचा. शिवाय कायदा बघा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याच्या हत्याराला लायसन लागतं, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातनं सोडलेली आहेत. दाजी तेच म्हणतात, कोयता शेतीचं अवजार आहे. आमच्या जिल्ह्यात उसाच्या फडात आहेच ओ, पण रात्री हायवेला गाडीच्या सीटखाली तो कुठला ऊस तोडायला ठेवलाय हे नाकाबंदीच्या पोलिसाला पटवून दाखवा. त्यात सणवार, यात्रा, निवडणूक आली की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतात, त्या काळात काठीसुद्धा बरोबर बाळगता येत नाही. गड्ड्याची यात्रा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची), पंढरीची वारी असल्या दिवसांत आमच्याकडनं जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

एअरगन, .177 इंच नळीची, 20 ज्यूलपेक्षा कमी जोराची, तिला लायसन लागत नाही हे खरं. पण तिच्यानं माणूस थांबत नाही आणि अंधारात ती खऱ्या बंदुकीसारखी दिसते. समोरच्याकडं गावठी कट्टा असंल तर तो तुमची खेळण्यातली आहे का खरी हे विचारत बसणार नाही.

पेपर स्प्रे ठेवा, पण पर्समध्ये, पायी फिरताना, संडासला उतरताना. बंद गाडीत मारला तर तुमची पोरगी आधी खोकून बेजार होईल आणि ज्यानं गाडी चालवायची त्याचेच डोळे मिटतील. बाहेर मारतानाही वारा बघून. आणि स्प्रे म्हणजे काय, किरकोळ वस्तू, असं समजू नका. कर्नाटक हायकोर्टानं 2024 मध्ये एका प्रकरणात स्प्रेला धोकादायक हत्यार म्हणलं आणि स्वसंरक्षणाची सबब मान्य न करता गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. आपण सोलापुरातनं निघालो की तासाभरात कर्नाटकात असतो.

कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे, नाही असं नाही. जुन्या भारतीय दंड विधानात (भादंवि) कलम 96 ते 106 होतं, 1 जुलै 2024 पासनं भारतीय न्याय संहितेत ते 34 ते 44 झालं. पण त्यातच लिहिलंय की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. वर हे सगळं कोर्टात दाखवून द्यायची जबाबदारी तुमची. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत कोयता घातला तर आरोपी तुम्ही. दाजींना हे वकिलाच्या तोंडनं पण ऐकवून झालंय.

म्हणून माझं स्पष्ट मत, थोडं तिखट लागेल. बायकोला ती गाडी चालवता येत नसेल तर गाडी घेऊन मुक्कामाला निघू नका. पुरुषालाच काही झालं, ताप आला, छातीत दुखलं, तर ती बाई पोरगी घेऊन अंधारात कुणाकडं बघणार? आमच्या हिनं आधी विजापूर रोडला पहाटे रिकाम्या रस्त्यावर ट्रॅव्हलर शिकली, रिव्हर्स पक्का केला, मग आम्ही लांब गेलो. लायसन घरातल्या दोघांकडं पाहिजे. 112 तिच्या पण बोटावर पाहिजे, हायवेवरच्या अडचणीला 1033, आणि थांबल्या थांबल्या जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवायचा. फोनवर "ढाब्याजवळ" म्हणून उपयोग नाही, शंभर ढाबे आहेत.

थांबायच्या जागांचं तुम्ही विचारलंय. सगळी यादी देत बसत नाही. अंधार पडायच्या आत जागा धरा. रात्रभर चालू असलेला मोठा पेट्रोल पंप, आधी डिझेल भरायचं, मग मॅनेजरला विचारायचं, नाही म्हणत नाहीत सहसा. देवस्थानांच्या पार्किंगला मला सगळ्यात निवांत झोप लागते, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, रात्रभर माणसं येत जात असतात, पाणी आणि संडासची सोय असते. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, रिसॉर्ट आहेत, 2021 मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं तेव्हापासनं तिथं विचारायला तरी संकोच वाटत नाही, फोन करून जा. चहाच्या टपरीवाल्याकडं दोन चहा आणि बिस्किटचा पुडा घ्या, कुठं काय चालतं ते तोच सांगतो. उजनीच्या काठाला भिगवणकडं फ्लेमिंगो बघायला जरूर जा, पण पाण्याकडंला एकट्यानं मुक्काम नको, गाळात चाक रुतलं तर हॉर्न वाजवून काय उपयोग. आणि आज कुठं थांबलोय त्याचा फोटो आजच टाकू नका, दुसऱ्या दिवशी टाका.

एकट्या बाईनं फिरायचं असेल तर ह्यातलं काही वेगळं असू शकतं, ते एकटीनं फिरणाऱ्यांनीच सांगावं. आणि हायवेला येणारा प्रत्येक माणूस चोर नसतो, खरंच टायर बसलाय म्हणून सांगणारे पण भेटतात. त्यांना काचेआडनं हात जोडायचे आणि गाडी उजेडात नेऊन मग टायर बघायचा, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

अजून एक, हे वर लिहायला पाहिजे होतं. तुम्ही चोराला घाबरताय, पण डब्यात स्वयंपाकाचा गॅस असणारच. झोपताना रेग्युलेटर सिलेंडरपाशीच बंद करायचा, नुसती शेगडी बंद करून नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत लावा. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन झोपू नका, आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म वेगळा मिळतो, तो झोपायच्या उंचीला लावायचा. पोरगीच्या उशाशी.