उबुंटूवर पिप अडतंय आणि दोन प्रोजेक्टना दोन जँगो हवेत, काय करू?

तुमची अडचण अशी: उबुंटू २४.०४ वर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडतं, जुनं प्रोजेक्ट जँगो (वेबसाइट बनवायची पायथनची चौकट) ३.२ वर, नवं ५ वर, खानापूरला घरी नेट फक्त मोबाइलचं. ती अडवणूक ओलांडणारा 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय लावू का, विचारताय.

नका लावू. त्याने पिप सिस्टीमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ करतं, आणि तो पायथन उबुंटूच्या स्वतःच्या कामाचा आहे. मराठी-कन्नड कीबोर्ड जोडायला आयबसची (टायपिंगची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग उघडता ना, तीसुद्धा त्याच्यावरच चालते.

नव्या प्रोजेक्टचं सोपं आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करा.) प्रत्येक प्रोजेक्टला पॅकेजेसचा स्वतःचा वेगळा फोल्डर द्यायचा, त्यालाच एन्व्हायर्नमेंट किंवा व्हेन्व म्हणतात. आधी एप्टने (उबुंटूच्या इन्स्टॉलरने) 'पायथन३-व्हेन्व' बसवा, नाहीतर एन्व्हायर्नमेंट अर्धवट बनून 'एन्शुअरपिप' चा एरर येतो. मग प्रोजेक्टच्या फोल्डरात 'पायथन३ -एम व्हेन्व .व्हेन्व', त्यानंतर 'सोर्स .व्हेन्व/बिन/अ‍ॅक्टिव्हेट'. आता पिप बिनधास्त चालवा, सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) न लावता.

खरी गोम जुन्या प्रोजेक्टात आहे. व्हेन्व पॅकेजेस वेगळी ठेवतं, पायथन मात्र तोच, ३.१२. जँगो ३.२ ला ३.१० पर्यंतच आधार आहे. जँगो ३.२ ला लागणारं 'डिस्टयुटिल्स' हे मॉड्यूल ३.१२ मधून काढून टाकलंय, म्हणून इन्स्टॉल नीट होतं आणि चालवताना 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स' येतं. इथे 'यूव्ही' वापरा, ते हवा तो पायथन आणून एन्व्हायर्नमेंट बनवणारं साधन आहे. त्यांच्या साइटवरचा इन्स्टॉलर ते होम फोल्डरात बसवतो, मग टर्मिनल नवीन उघडा. 'यूव्ही व्हेन्व --पायथन ३.१०' दिलं की तो पायथन एकदाच उतरतो, पुढच्या प्रोजेक्टांना तोच चालतो.

इथे बरेच जण फसतात. यूव्हीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतं. अ‍ॅक्टिव्हेट करून नुसतं 'पिप इन्स्टॉल' दिलं की सिस्टीमचं पिप उठतं आणि तोच पहिला एरर परत! 'यूव्ही पिप इन्स्टॉल' असंच लिहायचं. शंका आली तर 'विच पिप' विचारा. उत्तर 'यूएसआर/बिन' मधलं आलं तर समजा, चुकीच्या दारात उभे आहात.

डेटा वाचवायचा तर बेळगावला लॅबमध्ये 'पिप डाउनलोड -डी व्हील्स -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' करून (शेवटची फाइल म्हणजे प्रोजेक्टच्या पॅकेजेसची यादी) 'व्हील्स' फोल्डर पेनड्राइव्हवर आणा. घरी इन्स्टॉल करताना '--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स व्हील्स' जोडा. पण फाइलींची नावं वाचा. जँगोच्या नावात 'पीवाय३-नन-एनी' असतं, ते कुठेही चालतं. पिलोसारख्याच्या (फोटो हाताळणारं पॅकेज) नावात मात्र जुन्या प्रोजेक्टासाठी 'सीपी३१०' (म्हणजे पायथन ३.१०) आणि 'मॅनीलिनक्स' हवंच. लॅबच्या विंडोजवर साधं डाउनलोड केलंत तर 'विन' वाली फाइल येईल, घरी ती निरुपयोगी. तिथे '--प्लॅटफॉर्म मॅनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४ --पायथन-व्हर्जन ३१० --ओन्ली-बायनरी=:ऑल:' द्यावं लागतं.

आणि .व्हेन्व फोल्डर तेवढा पेनड्राइव्हवरून हलवू नका. त्यात पूर्ण पाथ कोरलेले असतात, जागा बदलली की पिपला पायथन सापडत नाही. रिक्वायरमेंट्सची फाइल न्या, तिकडे नवं बनवा.

जँगो ३.२ च्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०२४ मध्येच थांबल्यात. जुनं प्रोजेक्ट घरच्या मशीनवरच ठेवा, सर्व्हरवर चढवू नका.