वडील गेले. जन्मभर डोंगर-रानात रमलेला माणूस. त्यांच्या सामानाचं काय करू, त्यांची आठवण कशी जपू?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने झाले, त्यांची सॅक, बूट, दोर सगळं जिथल्या तिथे आहे आणि हात लावायचा धीर होत नाही. माझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आम्हीही सगळं तसंच ठेवलं होतं. ती चूक होती, हे मला त्यांच्या बुटांनी दाखवलं.

दोन वर्षांनी एकदा दोन जोड मोजे चढवून मी ते बूट घातले आणि त्यांच्या आवडत्या वाटेला लागले. पाऊण तासात डाव्या बुटाचा तळ सुटून लोंबायला लागला. आतला थर बोट लावलं की भुग्यासारखा झडत होता. अशा बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन नावाचं फेसाळ प्लास्टिक असतं, ते हवेतल्या दमटपणाने कुजतं, आणि बूट वापराविना पडून राहिले तरी कुजायचं थांबत नाही. सॅकची दोरी काढून तळ बांधला आणि फरफटत परतले. खरं तर एकटीने रडायला म्हणून गेले होते, ते राहूनच गेलं. बाबा असते तर निघण्याआधी बूट वाकवून बघितला असता आणि मला चार शब्द सुनावले असते.

दोराच्या बाबतीत मात्र भावनेला जागा देऊ नका. नायलॉनचा दोर नुसता पडून राहिला तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नका, असं बनवणारेच सांगतात, आणि त्याचं वय वरून दिसत नाही. माझ्या धाकट्या भावाला बाबांच्याच दोरावर उतरायचं होतं, कारण एवढंच की तो बाबांचा होता. कडाक्याचं भांडण झालं आमचं. आठवड्याने त्यानेच दोराचे तुकडे केले, म्हणजे पुन्हा कोणाला मोह नको. बाबा आम्हाला डोळे मिटून गाठी मारायला लावायचे. त्यातल्याच एका तुकड्यावर आता माझा मुलगा गाठी मारतो. अजून डोळे किलकिले करून बघतो, लबाड.

स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबलेली असेल तर काढून मोकळी टांगा, दाबून ठेवली की तिची ऊब जाते. पण ती एकट्याने उघडा. आत धुराचा आणि त्यांचा वास असेल. धुवायची घाई करू नका.

आता वही. तुमच्या वडिलांचीही असेल, अशा माणसांची बहुधा असते. बाबा पेन्सिलीने लिहायचे, कारण शाई पावसात पसरते. मी आशेने उघडली आणि हिरमुसले: तारीख, ढग, वारा, पाणी कुठे मिळालं, किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो. मनातलं एक अक्षर नाही. समासात फक्त आकडेमोड. ती नेस्मिथच्या नियमाची होती. नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक, त्याने १८९२ मध्ये हिशेब मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटरची वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. बाबा तो पाळायचे. पण काही पानांवर उत्तराच्या पुढे '+१' होतं. वाटलं, पाऊस असेल. ताळा जमेना. मग तारखा बघितल्या. ती सगळी पानं मी बरोबर असतानाची होती. मी सात-आठ वर्षांची, दर वळणावर दगड गोळा करत बसणारी, आणि ते घरूनच माझ्या दगडांसाठी एक तास धरून निघायचे. मला मात्र वाटेत सारखं 'चल, आटप' म्हणायचे!

तेव्हा वही वाचताना मजकुराइतकेच आकडेही बघा. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या एखाद्या जुन्या सोबत्यालाही वही दाखवा, आपल्याला न कळणाऱ्या खुणा त्याला कळतात. हे मात्र लवकर करा, ती माणसंही वयाची असतात.

आणि बाकी काही आज जमलं नाही तरी चालेल, टॉर्चमधले सेल तेवढे आजच काढा. गळतात.