हवा बघून पीठ मळा

गेल्या वर्षभरात वाचकांकडून आलेले स्वयंपाकाचे प्रश्न एकत्र काढून वाचले. पाव फसफसला तो मे महिन्यात, नानखटाई मऊ पडली ती श्रावणात, लोणच्याला बुरशी आली ती जुलैत. कृती तीच, हातही तोच, हवा तेवढी बदललेली. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे 10 च्याही खाली येतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘खोलीच्या तापमानाला ठेवा.’ आता खोली कोणती आणि महिना कोणता, हे आपणच बघायचं. म्हणून या वेळी उत्तरं देताना प्रत्येक ठिकाणी आधी महिना विचारात घेतला आहे.

प्रश्न : ताई, मी घरी पाव करते. हिवाळ्यात छान होतो. मे महिन्यात मात्र पीठ एका तासात गंजाच्या बाहेर येतं, आंबूस वास मारतो आणि भट्टीत टाकल्यावर पाव मधोमध बसतो. यीस्ट खराब असेल का? (मानेवाडा)

यीस्ट चांगलं आहे, उलट जरा जास्तच जोरात आहे. पावाच्या पिठाला 25-26 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. मे महिन्यात दुपारी आपलं स्वयंपाकघर 38-40 अंशांवर असतं. तेवढ्या उष्णतेत यीस्ट भराभर खातं, भराभर वायू सोडतं, आणि पिठाला ताण धरायला वेळच मिळत नाही. चव यायलाही वेळ लागतो, तोही मिळत नाही. मग जाळी फाटते आणि पाव बसतो.

आधी पाण्याकडे बघा. छतावरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी बाराला नळातून हाताला चटका देत येतं, आणि आपण त्यातच पीठ भिजवतो. त्याऐवजी माठातलं पाणी घ्या. कोरड्या हवेत माठ फार छान काम करतो, पाणी बेताचं गार असतं. फ्रिजचं घेतलं तरी चालतं. दुसरी गोष्ट यीस्टची. 250 ग्रॅम मैद्याला हिवाळ्यात एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालत असाल, तर एप्रिल ते जून अर्धाच चमचा घाला. मीठ 5 ग्रॅम ठेवा, कमी करू नका. मीठ यीस्टला आवरतं.

मळलेला गोळा कूलरच्या खोलीत ठेवा. तिथली हवा गारही असते आणि दमटही, त्यामुळे पिठावर साय धरत नाही. स्वयंपाकघरात ठेवायचाच असेल तर वर ओलं फडकं टाका. इतक्या कोरड्या हवेत उघडं पीठ दहा मिनिटांत वरून चामड्यासारखं होतं, आणि त्या सालीखाली पाव फुगायचं बंद करतो. पिठाला पाणीही उन्हाळ्यात एक-दोन मोठे चमचे जास्त लागतं, कारण डब्यातला मैदाच कोरडा झालेला असतो.

मी स्वतः उन्हाळ्यात रात्रीच मळते. नऊ वाजता मळून, तेल लावलेल्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी साडेपाचला काढून आकार देते, अर्ध्या-पाऊण तासात तो फुगतो आणि ऊन चढायच्या आत भाजून होतो. रात्रभर हळूहळू फुगलेल्या पावाची चव दुपारच्या घाईच्या पावापेक्षा कितीतरी वरचढ असते. पीठ तयार झालं की नाही, हे घड्याळावर ठरवू नका. बोट पिठात बुडवून गोळ्यात हलकेच दाबा. खळगा हळूहळू अर्धा भरला तर भाजायला घ्या. लगेच उसळून भरला तर अजून थांबा. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला. असं पीठ परत मळून, पातळ लाटून त्याची लसणाची रोटी करा, वाया घालवू नका.

प्रश्न : आमच्याकडे काटोलहून पेटीभर संत्री येतात. दोनदा संत्र्याचा केक केला, दोन्ही वेळा कडू झाला. रस प्यायला तर गोड होता. (त्रिमूर्तीनगर)

हा प्रश्न दरवर्षी येतो. संत्र्याच्या गावात संत्र्याचा केक बिघडावा याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कडूपणा तीन ठिकाणांहून येतो. पहिलं ठिकाण साल. परदेशी कृतींमधलं संत्रं घट्ट सालीचं असतं. ते किसणीवर घासलं की वरचा नारिंगी भाग तेवढा निघतो. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, फुगीर. किसणी टेकवली की साल आत दबते आणि खालचा पांढरा भागही खरवडून येतो. तो कडू असतो. त्यासाठी पेटीतून जरा घट्ट, गुळगुळीत सालीची दोन फळं वेगळी काढा. तासभर फ्रिजमध्ये ठेवा, साल थोडी कडक होते. मग बारीक किसणीवर एका जागी एकदाच, हलक्या हातानं फिरवा. पांढरं दिसलं की पुढच्या जागेवर जा. किस मिळतो थोडा, एका फळाचा जेमतेम अर्धा चमचा, पण केकला तेवढा पुरतो.

दुसरं ठिकाण रस, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. बिया आणि फोडींवरची पांढरी साल चिरडली की रसात लिमोनिन नावाचं द्रव्य तयार होऊ लागतं. ते लगेच कळत नाही. काढल्या काढल्या रस गोड लागतो आणि तासाभरानं तोच रस जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागतो. गरम केला तर आणखीच. म्हणजे तुम्ही प्यायलात तेव्हा तो खरंच गोड होता. मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका. संत्रं आडवं कापून हातानं पिळा, लगेच गाळा, आणि केकची बाकी सगळी तयारी झाल्यावर अगदी शेवटी रस काढा. रस आटवून घालायची कृती बऱ्याच जणी करतात. आपल्या संत्र्याला ती मानवत नाही.

तिसरं ठिकाण सोडा. ‘रस आंबट आहे’ म्हणून सोडा वाढवला की साबणासारखी कडू चव येते.

प्रमाण असं घ्या : मैदा 200 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, घट्ट ताजं दही 120 ग्रॅम, वास नसलेलं तेल 100 मिली, रस 80 मिली, दोन संत्र्यांचा किस, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ. किस आधी साखरेत घालून बोटांनी चोळा. साखर ओलसर, फिकट केशरी होते आणि वास घरभर जातो. सुगंधाचं तेल सालीत असतं, ते असं साखरेत उतरतं. मग दही, तेल, रस, शेवटी चाळलेला मैदा. फार घोटू नका. सात इंची भांड्यात, 170 अंशांवर 35 ते 40 मिनिटं.

आता फळाचं. आपल्याकडे संत्र्याचे दोन बहार. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास झाडं फुलतात तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे बाजारात. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाचं फळ जरा आंबट, मृगाचं जास्त गोड. केकला मी आंबियाचं वापरते, कारण साखरेपुढे आंबटपणा टिकला तरच संत्र्याची चव लागते. मृगाचं फळ सोलून खावं, किंवा संत्रा-बासुंदीत घालावं. बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच फोडी सोडा. गरम दुधात आंबट रस गेला की दूध फाटतं.

प्रश्न : गणपतीसाठी नानखटाई केली. काढली तेव्हा खुसखुशीत होती, दुसऱ्या दिवशी मऊ. (महाल)

श्रावण-भाद्रपदात हवेतच पाणी असतं आणि साखर ते ओढून घेते. भाजून झाल्यावर भट्टी 140 अंशांवर आणून आणखी सात-आठ मिनिटं आत सुकू द्या. जाळीवर पूर्ण गार करा आणि गार होताक्षणी डब्यात भरा. कोमट भरली तर तिचीच वाफ तिला मऊ करते, आणि ताटात तासभर उघडी ठेवली तर पावसाळी हवा मऊ करते. मऊ पडलेली परत 140 अंशांवर दहा मिनिटं ठेवा, सुधारते. मे महिन्यात बरोबर उलटी तक्रार येते : तूप पातळ असतं, नानखटाई पसरून चपटी होते. तेव्हा तूप फ्रिजमध्ये रवाळ घट्ट करून घ्या आणि वळलेले गोळेही भाजण्याआधी वीस मिनिटं गार करा.

प्रश्न : सासूबाई गावाकडे गोवऱ्यांवर गव्हाच्या पिठाचे गोल रोडगे करतात. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, केले तर वरून दगड आणि आतून कच्चे. आमच्या घरी पौषात रोडगे व्हायलाच हवेत. काही उपाय? (बेसा)

उपाय आहे. केक-पावाच्या शंभर प्रश्नांत एखादा रोडग्याचा येतो, म्हणून हा वाचून फार बरं वाटलं. भट्टीत भाजणं आपल्याकडे मैद्याबरोबर आलं असं अनेकांना वाटतं. रोडगा हा आपला भाजलेलाच पदार्थ आहे, भट्टी तेवढी जमिनीवरची.

गोवऱ्यांचा विस्तव कसा चालतो ते आठवा. धग फटाफटा पेटते, खाली बसते, आणि मग रोडगे निखाऱ्यांत ठेवून वरून राख ओढतात. राखेखाली उष्णता चारी बाजूंनी, मंद आणि बराच वेळ मिळते. माझी आजी राखेतून रोडगा काढून फडक्यात टाकायची, फडक्याची दोन टोकं धरून झुलवायची, राख उडून जायची. मग अंगठ्यानं दाबून बघायची. ‘कट्’ आवाज होऊन भेग पडली की झाला. तिनं एकही रोडगा वेळ बघून काढला नाही.

तुमच्या ओटीजीत चुकतंय ते असं की आच सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेज राहते. बाहेरचं कवच आधीच कडक होतं आणि आत ऊब पोचत नाही. शिवाय रोडगा फार मोठा असावा.

गहू जाडसर दळून आणा, रव्यापेक्षा थोडा बारीक. नेहमीची पोळीची कणीक एकटी वापरली तर रोडगा चिवट होतो. जाड पीठ नसेल तर तीन वाट्या कणकेला एक वाटी रवा. चार वाट्यांना अर्धी वाटी तेल कडकडीत करून मोहन घाला. मुठीत दाबलं की पिठाचा मुटका टिकला पाहिजे. ओवा, मीठ, पाणी बेतानं, पीठ घट्ट. अर्धा तास झाकून ठेवा. मग छोट्या-छोट्या तीन पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवा आणि चौथ्या मोठ्या पारीत बंद करून गोल वळा. हे पदर चुकवू नका. भाजताना त्यांच्यामधून वाफ फिरते आणि गाभा शिजतो. नुसता गोळा केला तर तो आतून कच्चाच राहणार. एक रोडगा 90-100 ग्रॅमचा, मध्यम संत्र्याएवढा.

ओटीजी दहा मिनिटं तापवा, वरची-खालची दोन्ही कांबी चालू. 200 अंशांवर 15 मिनिटं, मग 160 वर आणून 30-35 मिनिटं. दर दहा मिनिटांनी फिरवा. थंडीत ओटीजी तापायलाही जास्त वेळ घेतो, तेव्हा पाच मिनिटं वाढवा. काढल्यावर लगेच जाड फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. इथे राखेचं उरलेलं काम होतं : आतली वाफ कवचापर्यंत येते आणि ते दगडासारखं राहत नाही.

कोणी तुम्हाला आधी पाण्यात उकळून घ्यायला सांगेल. त्यानं आतून शिजतील हे खरं, पण ते माळव्यातल्या उकळून भाजायच्या बाफल्यांच्या वळणावर जातात आणि रोडग्याची कुस्करल्यावरची भरभरीत चव जाते. गोवरीचा वास ओटीजीत येणार नाही, आणि त्याची भरपाई कशानंही होत नाही. कोळशाचा धुंगार वांग्याच्या भाजीला द्या, तिथे तो शोभतो. रोडगा गरम असतानाच फोडा, तूप आत ओता, घोटलेल्या वरणाबरोबर वाढा. पहिला सासूबाईंना द्या आणि त्या काय सांगतात ते लिहून ठेवा.

प्रश्न : ताई, मी हॉस्टेल सोडून खोली घेतली आहे. पहिल्यांदाच आंब्याचं लोणचं घातलं. जुलैत वर पांढरी बुरशी आली. वरचं काढून खाऊ का? (धरमपेठ)

नको खाऊस. वर दिसते तेवढीच बुरशी नसते, तिचे धागे खालीही गेलेले असतात. बरणी रिकामी कर, वाईट वाटलं तरी.

पुढच्या वर्षी कैरी मृग लागायच्या आत घे. पाऊस पडल्यावर कैरीत पाणी वाढतं आणि ती मऊ पडते. फोडी पुसून, कापडावर घरातच दोन-तीन तास पसर. मे महिन्याच्या हवेत तेवढ्यात कोरड्या होतात. एक किलो फोडींना 180 ग्रॅम मीठ घाल. नव्या मुली इथेच हात आखडतात, खारट होईल म्हणून. लोणचं मिठावर टिकतं. मोहरीची डाळ 100 ग्रॅम, तिखट 80, हळद 25, मेथी 15, हिंग 10. तिखट भिवापुरी, म्हणजे भिवापूरच्या मिरचीचं, मिळालं तर तेच घे, 60 ग्रॅम पुरेल. तेल गरम करून पूर्ण गार झाल्यावरच ओत, आणि फोडींच्या वर एक पेर तेल दिसलं पाहिजे. आठवड्यानं बघ, फोडी तेल पितात, कमी झालं तर अजून गार तेल घाल. आणि रोजच्यासाठी छोटी बरणी वेगळी भर. पावसाळ्यात मोठी बरणी उघडायची ती दुपारी, कोरड्या हातानं आणि कोरड्या चमच्यानं.

प्रश्न : तुरीचे सोले (शेंगांतले ओले दाणे) वर्षभर कसे ठेवावेत? (इतवारी)

सोलल्या दिवशीच करा. उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून कापडावर पूर्ण कोरडे. ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग एकेका वेळेपुरते पिशवीत भरा. सोलेभातात टाकताना वितळवू नका, फोडणीत तसेच गोठलेले घाला. शेंगा घेताना हिरव्या, भरलेल्या निवडा. पिवळसर झालेल्यांचे दाणे पिठूळ लागतात, ते आमटीत वाटून टाका.