वाचकांचे प्रश्न : चेतकची टाकी धुवायची की बदलायची?

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडे बाबांची १९८९ सालची बजाज चेतक आहे. जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा गाडी पार सीटपर्यंत बुडाली, नंतर वरवर गाळ धुतला आणि ताडपत्री टाकून पडवीत लावली ती तशीच राहिली. यंदा बाबांची पंच्याहत्तरी, म्हणून चालू करायला घेतली. गॅरेजवाल्याने टाकीत अॅसिड टाकून धुऊन दिली, आठ दिवस मस्त चालली, आता दोन-अडीच किलोमीटर गेलं की बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. पाइपमधला फिल्टर लाल झालाय. तो म्हणतो टाकीच बदला. बाबा म्हणतात गाडीचा एक पार्ट बदलायचा नाही. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : टाकी लगेच टाकू नका. तुम्ही सांगताय त्यावरून मला वाटतं टाकी धुतली गेली पण उलट्या क्रमाने, आणि नंतरचं अर्धं काम राहून गेलं.

चेतक टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) घातलेलं असतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइल तळाशी राहतं, त्यात जुन्या पेट्रोलचा डिंक मिसळतो आणि काकवीसारखा तपकिरी चिकटा तयार होतो. तुमच्याकडे त्यात पुराचा गाळही आलाय. आता यावर अॅसिड ओतलं तर ते चिकट्याखालच्या गंजापर्यंत पोचतच नाही, जिथे पत्रा उघडा आहे तिथेच खात बसतं. शिवाय गॅरेजमध्ये बहुतेक ठिकाणी संडास धुवायचं अॅसिड वापरतात, ते गंज काढतं तसा पत्राही खातं, आणि नंतर सोड्याने मारलं नाही तर उघडा पडलेला पत्रा काही तासांत पुन्हा लाल होतो. फिल्टर लाल झालाय तो यामुळेच. आधी चिकटा, मग गंज, हा क्रम कृपया सोडू नका.

पण टाकी काढायच्या आधी एक पाच मिनिटांची तपासणी करा. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, पुराच्या गाळाने हे सहज होतं, बारीक तारेने साफ करा. तसं नसेल तर कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा आणि पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडा. धार सुरुवातीला जाड येऊन मिनिटाभरात सुतासारखी झाली तर कॉकच्या जाळीवर गंजाचा थर बसतोय. गाडी थांबली की तो थर खाली बसतो, म्हणून दहा मिनिटांनी परत चालू होते.

आता टाकी. सीट काढा, टाकीचे बोल्ट काढा, कॉकच्या दांडीची पिन सोडवा, पाइप ओढून काढा. कॉकचा नट टाकीच्या आतल्या बाजूला असतो, त्याला टाकीच्या तोंडातून घालायचा लांब टी-पाना लागतो, तो जुन्या स्कूटरवाल्या मिस्त्रीकडे मिळेल, पकडीने झटापट करू नका. कॉक अॅसिडमध्ये जाता कामा नये. सगळं उघड्यावर करा, जवळपास देवघरातली समईसुद्धा नको. जुनं पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

रॉकेल आता सहज मिळत नाही, लिटरभर डिझेल घ्या. टाकीत मूठभर नट टाका, पण मोजून टाका, नाहीतर सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा टाका. खडी टाकू नका, त्याची कच आत राहते. कॉकच्या भोकाला रबरी बूच, आणि पंधरा मिनिटं सगळ्या बाजूंनी हलवा. पहिल्यांदा चहासारखं काळं निघेल. हात लावून बघा, बोटाला चिकटतंय तोवर डिझेल बदलून परत. नट मोजून बाहेर काढा. मग गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, दोन-तीन वेळा, पाण्यावर तेलाचा तवंग येणं थांबेपर्यंत.

गंजाला सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. कोमट पाण्यात लिटरला साधारण शंभर ग्रॅम, आणि टाकी काठोकाठ भरा कारण पेट्रोल कमी असताना गंज वरच्या छतालाच जास्त धरतो. तोंडाभोवती रंगावर ग्रीस लावा. झाकण घट्ट लावू नका, गॅस होतो. रात्रभर ठेवा, सकाळी टॉर्चने बघा, राखाडी पत्रा दिसला की पुरे, दोन दिवस ठेवून पत्रा पातळ करू नका. मी एकदा ठेवलेली, तळाला सुईएवढी दोन भोकं पडली, ती टाकी गेली.

मग पाणी, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी पंधरा मिनिटं, परत पाणी, आणि यानंतर चहाला जाऊ नका. उलटी करून निथळा, हेअर ड्रायरची हवा सोडा, कोरडी झाली की त्याच क्षणी पेट्रोलमध्ये जरा जास्त टूटी ऑइल घालून आत सगळीकडे फिरवा. कॉकची जाळी, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) आणि फ्लोटची वाटी (पेट्रोल साठतं ती तळाची वाटी) त्याच दिवशी साफ करा, नाहीतर जुना गंज तिथे बसलेलाच राहील.

बदलायची कधी? हे सगळं झाल्यावर टाकीत पाणी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर ओले ठिपके दिसले, किंवा अंगठ्याने दाबल्यावर तळाचा पत्रा आत गेला, तर मात्र बदला, तिथे बाबांची समजूत काढावी लागेल. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, बघून, आतून टॉर्च मारून घ्या.

प्रश्न : टाकीच्या जोडातून थेंब थेंब पेट्रोल गळतं. शेजारचा वेल्डर म्हणतो रिकामी करून आणा, दोन मिनिटांचं काम आहे. देऊ का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : देऊ नका. हे मी हात जोडून सांगतोय. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते, कारण हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास पेट्रोलची वाफ असली की ठिणगीला स्फोट होतो, आणि "रिकाम्या" टाकीत नेमकं तेवढंच उरतं. नुसतं पाण्याने विसळून वाफ जात नाही. आजच्यापुरता कपड्याचा साबण जोडावर घासून बसवा, गळती थांबते, आणि गाडी घरात लावू नका. मग टाकी आधी सांगितल्याप्रमाणे साबणाच्या गरम पाण्याने पूर्ण धुऊन जुन्या रेडिएटरवाल्याकडे न्या, जो टाकी पाण्याने भरून जोड तेवढा वर ठेवून झाळतो. पाणी न भरता काम करायला निघाला तर टाकी उचला आणि परत या.

प्रश्न : आम्ही सहा महिने मुलीकडे अमेरिकेला जातोय. आरएक्स १०० ची टाकी फुल करून ठेवू की रिकामी? – एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्वी मी फुल सांगायचो. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, गंज तिथूनच सुरू होतो. सहा महिन्यांसाठी रिकामी करा. तुमच्या गाडीत टूटी ऑइलची टाकी वेगळी आहे, म्हणजे पेट्रोलच्या टाकीला ऑइलचा हात लागतच नाही, त्यामुळे कपभर टूटी ऑइल आत ओतून टाकी सगळीकडे फिरवा, जास्तीचं काढून घ्या, कार्ब्युरेटरची वाटीही रिकामी करा. परत आल्यावर पहिलं लिटरभर पेट्रोल विसळून काढून टाका, मगच किक मारा.