डक्टेबल एसी असूनही शेवटचा हॉल गार होत नाही, आणखी टन वाढवावेत का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला कॉलेज रोडवर वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, साडेआठ टनाचा एकच डक्टेबल एसी आहे, म्हणजे एकाच मशीनची हवा डक्टमधून (हवेच्या नळांतून) सगळ्या हॉलना जाते. पहिल्या हॉलमधली पोरं एप्रिलमध्ये स्वेटर घालतात, शेवटच्या हॉलमधली वहीने वारा घेतात. बिल वाढतंय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, अजून पाच टन जोडा.

जोडू नका, निदान आत्ताच नको. मी सातपूरला राहतो, डक्टिंगच्या कामात वीसेक वर्षं गेली. पहिल्या हॉलमध्ये थंडी वाजते म्हणजे मशीन आपलं काम करतंय. आडात भरपूर आहे हो, पोहराच गळका आहे.

गंगापूर रोडच्या एका क्लासमध्ये अगदी हेच होतं, मशीनही तेवढंच. टनामागे साधारण 400 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा धरतात, म्हणजे हवा सोडणाऱ्या सगळ्या जाळ्या, ग्रिल, मिळून 3400 यायला हवी. एकेक ग्रिल मोजली, बेरीज झाली 2300. उरलेली काही वाटेत गळत होती, काही निघतच नव्हती. अगरबत्ती पेटवून फॉल्स सीलिंगच्या वर शिरलो. डक्टच्या जवळजवळ प्रत्येक जोडाशी धूर उडत होता. फ्लँजला (जोडाच्या कडांना) गॅस्केटच, म्हणजे हवा अडवणारी पट्टीच नाही, वरून नुसती खोक्याला लावतात ती चिकटपट्टी, तीही सुटलेली. शेवटच्या हॉलकडे जाणारी फ्लेक्सिबल नळी केबल ट्रेखाली दबून पोळीसारखी चपटी झाली होती. एसीवाला गेल्यावर इलेक्ट्रिशियन आला असणार, दुसरं काय!

त्याहून मोठी गोम रिटर्नची, म्हणजे हॉलमधली हवा मशीनकडे परत नेणाऱ्या वाटेची निघाली. खर्च वाचवायला रिटर्न डक्ट टाकलाच नव्हता, मशीन सीलिंगच्या पोकळीतूनच हवा ओढत होतं. आणि वर उघडी गच्ची. आपल्याकडे पारा चाळिशीला टेकला की दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो. हॉलमधली 26 अंशांची हवा परत न्यायची सोडून मशीन त्या तव्याखालची हवा गार करत बसलं होतं. तुमचाही मजला वरचाच आहे, म्हणून हे आधी बघा.

एक फुकटचा प्रयोग आजच करा. शेवटच्या हॉलचं दार तासभर उघडं ठेवा. फरक पडला, तर हवेला परतीची वाटच नव्हती असं समजा. दाराच्या खालच्या अंगाला ग्रिल बसवली की भागतं. फिल्टरही काढून बघा, सध्या रस्त्यांच्या खोदकामाची धूळ काही कमी नाही.

पुली बदलून ब्लोअर जोरात पळवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पंख्याचा वेग 20 टक्के वाढवला की तो सुमारे 73 टक्के जास्त वीज खातो, आणि डक्टमधला दाब वाढल्याने गळतीही वाढते. उलट वेग 80 टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. म्हणून व्हीएफडी (पंख्याचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) बसवायचाच असेल तर गळती बंद करून, हवा पुरतेय हे मोजून मग बसवा.

पहिल्या हॉलचा डॅम्पर (डक्टमधली हवा कमीजास्त करणारी झडप) आवळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ते सगळ्यात शेवटी करायचं. जोड गळके असताना आवळला, तर तिथे अडलेली हवा पुढच्या हॉलऐवजी सीलिंगमध्ये जाते. त्या क्लासमध्ये आम्ही जोड गॅस्केट आणि सीलंटने बंद केले, नळी ताणून सरळ टाकली, रिटर्नला डक्ट केला आणि मग डॅम्परला हात लावला. दुसरं मशीन लागलं नाही.

हे सगळं करून, ग्रिलची बेरीज 3400 च्या आसपास आणि शेवटच्या हॉलला त्याचा वाटा नीट मिळत असूनही तो तापत असेल, तर मात्र तुमचा कॉन्ट्रॅक्टर बरोबर आहे. खुर्च्या वाढवल्यात का हो मधल्या काळात?