"आमच्या घरात तर असं कुणीच बोलत नाही"

"त्याला हे शिकवलं कुणी? आमच्या घरात तर असं कुणीच बोलत नाही गं."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी आया-आज्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याच्या पुढचं वाक्यही मला ठाऊक असतं: "शाळेतून आलं असणार." या वेळी ते इस्रायलमधल्या लोद शहरातून आलं, तेही अगदी आपल्या रेवदंड्याकडच्या मराठीत. तिथल्या एका मावशींना ठाण्यातल्या त्यांच्या एका नातेवाइकांनी माझा नंबर दिला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, आणि त्यांना विचारूनच, हे लिहिते आहे.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे त्या ज्यू समाजातल्या. लग्न होऊन तिकडे गेल्या त्याला पन्नास वर्षं झाली. लोद हे तेल अवीवजवळचं, विमानतळाच्या शेजारचं मिश्र वस्तीचं शहर. तिथले जवळपास एक तृतीयांश लोक अरब आहेत, इस्रायलचेच नागरिक. मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे आणि तिथली फार्मासिस्ट अरब आहे. त्यात नवल काही नाही, इस्रायलमधल्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत अरब डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट मोठ्या संख्येने काम करतात. मावशींच्या रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षं तिच्याकडूनच येतात आणि आठ वर्षांच्या नातवाला तिच्याकडून दर वेळी एक गोळी-चॉकलेट मिळायचं.

२०२३ च्या ऑक्टोबरमधल्या हमासच्या हल्ल्यानंतर एके दिवशी तो दुकानाच्या दारातच थांबला. आजीचा पदर ओढून म्हणाला, "सव्ता, हिच्याकडच्या गोळ्या घेऊ नकोस. विष असेल त्यात. ती अरब आहे."

सव्ता म्हणजे हिब्रूत आजी. मावशींनी तिथल्या तिथे त्याला दटावलं, "असं बोलायचं नाही!" तो पुन्हा तसं बोलला नाही. पण दुकानात पाऊलही टाकेना.

मुलगा काय बोलतो हे मी पहिल्या दोन फोनमध्ये फारसं विचारलंच नाही. रोजचा दिवस कसा जातो ते ऐकत राहिले. वडील मिलुइमवर, म्हणजे राखीव सैनिक म्हणून बोलावलेले. आई कामावर. मूल दिवसभर आजीजवळ आणि टीव्ही सकाळपासून चालू. तिसऱ्या फोनवर मी विचारलं, "मावशी, रस्त्याने जाताना तुम्ही त्याचा हात कसा धरता?"

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "घट्ट. समोरून त्यांची पोरं आली की जास्तच घट्ट."

हे २०२१ च्या मे महिन्यापासूनचं. तेव्हा लोदमध्ये दंगल उसळली होती. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, आणि गाड्या जाळल्या गेल्या, शहरात आणीबाणी जाहीर झाली. एक अरब तरुण गोळी लागून गेला. एक ज्यू माणूस डोक्यात दगड बसून गेला आणि त्याची किडनी जेरुसलेममधल्या एका अरब बाईला दिली गेली. मावशी तीन रात्री दिवे मालवून बसल्या होत्या. पाच वर्षांचा नातू मांडीवर होता. त्या काळात घरात कुणी अरबांबद्दल वाईट बोललं नाही, हे त्या शपथेवर सांगतात आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. बोलणं नव्हतंच. होती ती मांडी, ताठरलेली. पुढे तसाच आवळलेला हात. मूल ते वाचतं. कुणाच्या येण्याने आजीचा हात आवळतो आणि कुणाच्या येण्याने सैल सुटतो, याचा हिशोब त्याच्याकडे चोख असतो. त्या हिशोबाला नाव मात्र बाहेरून मिळतं: टीव्हीवरून, वर्गातल्या मित्रांकडून.

तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ दानिएल बार-ताल यांनी ज्यू इस्रायली मुलांचा या अंगाने पुष्कळ अभ्यास केला आहे. अडीच-तीन वर्षांची काही मुलं 'अरब' हा शब्द ओळखतात, आणि अरब म्हणजे कोण हे नीट सांगता येण्याआधीच तो शब्द त्यांच्या मनात वाईटाच्या बाजूला जाऊन बसलेला असतो. आधी वास, मागून अर्थ. पुढे तो वास जायला संधीही मिळत नाही, कारण बहुतेक ज्यू मुलं हिब्रू शाळांत आणि अरब मुलं अरबी शाळांत जातात. दोघांना एका वर्गात, दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या शाळा आहेत. नेवे शालोम गावातली शाळा १९८० च्या दशकापासून चालते, १९९८ पासून 'हॅन्ड इन हॅन्ड' या संस्थेच्या शाळा आहेत. पण अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पलीकडच्या मुलाला तर फार्मासिस्टही भेटत नाही. गाझातल्या मुलाच्या आयुष्यात येणारा इस्रायली म्हणजे सैनिक, किंवा डोक्यावर दिवसरात्र गुणगुणणारं ड्रोन. तिथले लोक त्याला त्या आवाजावरून 'झनाना' म्हणतात. गाझाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. इयाद अल-सर्राज यांनी १९९० मध्ये तिथे मानसिक आरोग्याचं काम उभं केलं. तिथली मुलं 'अरब आणि ज्यू' असा एक खेळ खेळत, आणि काही मुलांना त्यात ज्यू व्हायचं असे, कारण बंदूक त्याच्या हातात असते. हे त्यांनी नोंदवलेलं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले होते. बाप मार खाताना पाहिलेलं मूल मारणाऱ्याचा द्वेषही करतं आणि त्याच्यासारखं बलवान व्हायचं स्वप्नही बघतं.

हे मी मावशींना सांगितलं, आणि घाईने सांगितलं. त्या दुखावल्या. "सात ऑक्टोबरला बाराशे माणसं मारली आमची. लेकरंसुद्धा ओढून नेली. मी माझ्या नातवाचं विचारतेय, तू गाझाचं काय काढतेस?" चूक माझी होती. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दाखवली की त्याला वाटतं, आपली हिरावून घेतली. गाझात त्यानंतर हजारो मुलं मेली, आणि हे दुःख तराजूत घालून मोजायचं नाही असं मी मानते. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी माफी मागितली आणि पुन्हा घट्ट हातापाशी आले.

एकच बदल सुचवला. "असं बोलायचं नाही"च्या जागी "तुला कशाची भीती वाटते रे?" असं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. दटावल्याने मूल मत बदलत नाही, ते आपल्यापासून लपवायला शिकतं.

उत्तर चार दिवसांनी आलं, रात्री, अंथरुणात. त्यात फार्मासिस्ट नव्हतीच. त्याला भीती होती आजीच्या गुडघ्यांची. मावशींची इमारत जुनी. घराघरात ममाद, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली, बांधायचा नियम १९९० च्या दशकात आला, त्याच्या आधीची. सायरन वाजला की सगळ्यांनी जिन्यात यायचं. मावशी सावकाश उतरतात, आणि हा पोरगा प्रत्येक पायरीला मनात आकडे मोजतो. आजी पोचलीच नाही तर? त्यात गोळ्या घेतल्या नाहीत तर आजी मरेल, हे त्याला घरातल्यांनीच सांगितलेलं. आजीच्या जिवाच्या काळजीला त्याने विष आणि अरब हे दोन तयार शब्द चिकटवून टाकले होते.

मग आम्ही जिन्याचा बंदोबस्त केला. मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवली. सायरनला आजी तिथवरच येणार आणि तो तिची काठी धरणार, असं ठरलं. समुपदेशनात कधीकधी एवढी साधी खुर्ची लागते. खुर्ची आली आणि त्याचं रात्रीचं दचकणं कमी झालं. टीव्ही बंद करायला मात्र महिना गेला. शाळेतल्या समुपदेशिकेशी आई बोलली, तेही बरं झालं.

त्याच जिन्यात खालच्या मजल्यावरचं अरब कुटुंबही येऊन उभं राहतं. यावर मी काहीच सुचवलं नव्हतं. पुढचं आपोआप घडलं. सायरन थांबायची वाट बघत मावशी त्याला गावच्या गोष्टी सांगू लागल्या: मलिदा, ईदला शेजारच्या मुसलमान घरून येणारा शीरखुर्मा. सांगता सांगता म्हणाल्या, "शनिवारी आम्ही सगळे मशिदीत जायचो."

पोरगा चमकला. "तुम्ही मिसगादमध्ये जायचात?"

मिसगाद म्हणजे हिब्रूत मुसलमानांची मशीद. आणि कोकणातले जुने बेने इस्रायली आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणायचे. मुंबईतल्या १७९६ च्या सिनेगॉगलाही लोक जुनी मशीद म्हणत. मावशींना हे समजावताना हसू आवरेना. जिन्यातली खालच्या घरची बाई, मराठीचं अक्षर न कळता, 'मशीद' ऐकून वळून बघू लागली. मग नातवाने तिला हिब्रूत सांगितलं, आमच्या सव्ताच्या गावात सिनेगॉगला मशीद म्हणतात. त्या घराशी तो आपणहून बोलला, ही पहिलीच वेळ.

मावशींनी मला हे फोनवर दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना रडल्या.

तो सगळ्यांवर विश्वास टाकू लागलाय असं मी म्हणणार नाही. बाहेर युद्ध चालू असताना आठ वर्षांच्या मुलाकडून ते मागणं अन्याय आहे. मावशींचा हातही अजून आवळतो. फरक इतकाच, की आता त्या त्याला सांगतात, "बघ, सव्ता घाबरली होती. झालं, गेली भीती."

परवाच्या फोनमध्ये कळलं की तो आता दुकानात आत जातो. आजीच्या गोळ्यांची पट्टी आधी स्वतःच्या हातात घेतो आणि तिच्यावरची तारीख वाचून बघतो. पहिल्या दिवशी त्याला ती सापडेना, तेव्हा काउंटरवरून वाकून फार्मासिस्टनेच ती कुठे छापलेली असते ते बोट ठेवून दाखवलं.