बागेतले प्रश्न : गुलाबावरची भुरी

प्रश्न : ताई, गच्चीवर भिंतीलगत गुलाबाच्या बारा कुंड्या आहेत. ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर जोमदार फुटवा आला. पण आता कोवळी पानं आकसून वर वळली आहेत, त्यांच्यावर आणि कळ्यांच्या देठांवर पिठासारखं पांढरं साचलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी जास्त होतंय. ते कमी केलं, फरक नाही. झाडं काढून टाकू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : काढू नका, मुळीच नको! ही भुरी आहे, पानांवर पिठासारखी पसरणारी बुरशी. माझं माहेर निफाडचं, द्राक्षांचं; भुरी म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहतेय. वडील सांगायचे, भुरी डोळ्यांना दिसते तेव्हा तिला येऊन आठवडा झालेला असतो.

पाणी तोडून तुम्ही झाडाला उगाच तहानलेलं ठेवलंत. बहुतेक बुरशींना रुजायला ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही. उलट साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजतच नाहीत. तिला हवी असते दमट, कोंडलेली हवा, दिवसा ऊब आणि रात्री गारवा. म्हणजे आपला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात छाटणीनंतर युरिया किंवा जास्त नत्राचं खत दिलं असेल, तर लुसलुशीत पालवी तिच्यासमोर वाढूनच ठेवली म्हणा.

म्हणून आधी कुंड्या भिंतीपासून हलवा. दोन कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, सकाळचं ऊन मिळू द्या. झाडाच्या मध्यात गर्दी करणाऱ्या बारीक फांद्या काढा. जास्त माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको. पाणी नेहमीसारखं, सकाळी, बुडाशी द्या. नत्राचं खत महिनाभर बंद.

मग फवारणी. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घ्या, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानाच्या दोन्ही बाजूंना बसेल असं मारा, दर आठ-दहा दिवसांनी. दुपारचं तापमान ३२ अंशांच्या वर जात असेल तर गंधक नकोच, पानं करपतात. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. गंधक घरात नको असेल तर एक भाग दूध नऊ भाग पाण्यात घालून आठवड्याला फवारा. सुरुवातीच्या डागांवर ते चांगलं चालतं, पण तुमच्याइतक्या माखलेल्या झाडाला मी गंधकच देईन.

वळलेली पानं पुन्हा सरळ होणार नाहीत, त्यावरून निराश होऊ नका. नवा फुटवा स्वच्छ येतोय का, ते बघा. आणि पुढच्या वर्षी छाटणीनंतर पालवी बोटभर झाली की पहिली फवारणी तेव्हाच करा, डाग दिसायची वाट बघू नका.